सेमला : उपवास सरला, पक्वान्न उरले

मराठी माणसाला गटारी अमावास्या समजावून सांगावी लागत नाही. श्रावण पाळावयाचा, म्हणून आषाढाच्या अखेरच्या दिवशी सामिष जेवून घ्यावयाचे. या रीतीला कितीही हिणवले तरी तिच्यामागचा व्यवहार सरळ आहे. युरोपातील ख्रिस्ती समाजानेही तो शतकानुशतके केला. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासात मांसाप्रमाणेच दूध, लोणी आणि अंडीही वर्ज्य असत. तेव्हा उपवास सुरू होण्याच्या आदल्या मंगळवारी घरातले स्निग्ध पदार्थ संपवून टाकीत. स्वीडनमध्ये या दिवसाला ‘फेत्तिस्दाग’, म्हणजे स्निग्ध मंगळवार, म्हणतात; आणि ‘सेमला’ हे त्या दिवसाचे पक्वान्न.

हा शब्द मूळचा लॅटिन. ‘सिमिला’ म्हणजे गव्हाचे उत्तम पीठ. जेथे सामान्यांचा रोजचा पाव राय किंवा जवाचा, तेथे गव्हाचा पांढरा पाव हीच मेजवानी. पुढे तो दुधात बुडवून खाण्याची चाल पडली. त्या रूपाला ‘हेतवेग’ म्हणत. बदामाचे सारण आणि वर घुसळलेल्या सायीचा डोंगर, हे आजचे थाटमाटाचे रूप मात्र विसाव्या शतकातले. पावाच्या पिठात वेलदोडा असतो. तो मूळचा आपल्या सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडचा. तो इतक्या उत्तरेस जाऊन घरचा व्हावा, याचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही.

सोळाव्या शतकात स्वीडनने ल्यूथरचा पंथ पत्करला आणि उपवासाचे बंधन गेले. पक्वान्न काही गेले नाही. उलट, उपवासाच्या त्या सप्तकात दर मंगळवारी ते खाण्याचा प्रघात पडला. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ म्हणणाऱ्या आपल्याला यात नवल वाटू नये.

या पक्वान्नाला इतिहासात स्थान मिळाले ते एका राजाच्या मृत्यूने. अदोल्फ फ्रेद्रिक १७५१ मध्ये गादीवर आला. सत्ता संसदेच्या हाती होती. राजा सही करीत नाही असे दिसताच त्याच्या नावाचा शिक्का वापरण्याची सोयही मंत्रिमंडळाने करून ठेवली होती. (सही आणि शिक्का यांचे नाते आपल्या वाचकवर्गास वेगळे सांगावयास नको.) १२ फेब्रुवारी १७७१ रोजी, नेमक्या स्निग्ध मंगळवारी, भरपेट भोजनानंतर तो वारला. भोजनाच्या शेवटी गरम दुधातले हेतवेग होते. राजाने ते चौदा वेळा वाढून घेतले, असे लोक सांगतात. हा आकडा मला फार गोल वाटतो; पक्षाघाताला चौदा पावांची गरज नसते. परंतु वीस वर्षे राज्य करून या गृहस्थाची आठवण उरली ती ‘खाऊन मेलेला राजा’ एवढीच. त्याचा पुत्र गुस्ताव तिसरा याने पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १७७२ मध्ये, संसदेची सत्ता मोडून काढली, ही खरी मोठी घटना शाळेबाहेर कोणी फारशी काढीत नाही.

याच अदोल्फ फ्रेद्रिकच्या कारकीर्दीत, १७५६ मध्ये, स्वीडनने कॉफीवर बंदी घातली होती. अशा बंद्या पुढेही पुनःपुन्हा आल्या, आणि शेवटची उठली ती १८२० नंतर. आज तोच देश जगातील अट्टल कॉफीबाजांत गणला जातो, आणि सेमला विकतात तीही कॉफीगृहेच.

मी तो स्टॉकहोममध्ये चाखला, तो अशाच एका साखळी-कॉफीगृहात, जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात. पावाचे टोपण काढून त्यानेच साय उचलून खावयाची असते, हे शेजारच्या टेबलाकडे पाहून शिकलो. साय थंड आणि जवळजवळ अगोड. गोडी सगळी खालच्या बदामात. पदार्थ उत्तम, पण एकाने पोट भरते. मंगळवार मात्र अजून पुष्कळ दूर होता. नाताळ उरकला की दुकानांत सेमला मांडला जातो आणि ईस्टरपर्यंत राहतो.

उत्तरेत नोकरीस असलेल्यांना दिवाळीची करंजी होळीत गुजिया होऊन भेटते. घाट तोच, पंचांग निराळे. पण पंचांग आहे. सेमल्याचे पंचांग आता दुकानदार ठरवतो. २०१५ मध्ये स्टॉकहोमच्या एका बेकरीने पावाऐवजी पोळीसारख्या गुंडाळीत सारण भरून विकले, आणि लोकांनी रांगा लावल्या.

तरीही फेत्तिस्दाग पाळणारे आहेत. तो दिवस ईस्टरबरोबर सरकतो. ३ फेब्रुवारी ते ९ मार्च यांच्या दरम्यान कधीही येतो. काही वृद्ध मंडळी त्याच दिवशी, आणि त्याआधी नाही, खोलगट ताटलीत गरम दूध ओतून त्यात सेमला बुडवून खातात.