रीड यांची वायुवीजन-योजना : वेस्टमिन्स्टर व लिव्हरपूल

१६ ऑक्टोबर १८३४ रोजी वेस्टमिन्स्टरचे संसदगृह जळाले. कॉमन्स सभेच्या तात्पुरत्या सभागृहास शुद्ध हवा पुरविण्याचे काम एडिंबरो येथे रसायनशास्त्र शिकविणारे डेव्हिड बॉझवेल रीड यांजकडे आले व १८३६ मध्ये त्यांनी ते पार पाडले. जमिनीच्या असंख्य छिद्रांतून ताजी हवा आत घ्यावयाची आणि विस्तवाने तापविलेल्या उंच धुराड्याच्या ओढीने दूषित हवा छतावाटे बाहेर काढावयाची, अशी ती योजना होती. एका दालनापुरती ती यशस्वी ठरली. (सभासदांच्या तक्रारी मात्र थांबल्या नाहीत!)

नव्या प्रासादात प्रश्न निराळा होता. ओढ एक व दालने अनेक असली, की एक वाट मिटताच इतर वाटांतील प्रवाह वाढतो. म्हणून प्रत्येक वाटेचे माप सर्वांच्या हिशेबाने ठरवावे लागते. येथे हिशेब ठेवणारेच दोन झाले. वास्तुशिल्पी चार्ल्स बॅरी व रीड यांचे पटेना. १८४६ मध्ये लॉर्ड्स सभेचा भाग बॅरींकडे गेला; १८५२ मध्ये रीड यांस दूर करण्यात आले. या अपयशाचा सारा दोष त्यांच्या माथी मारणे न्याय्य नव्हे.

लिव्हरपूलच्या सेंट जॉर्जेस हॉलमध्ये (१८५४) वास्तुशिल्पी एल्म्स यांनी आरंभापासून रीड यांस बरोबर घेतले होते. न्यायालये व संगीतदालने एकाच छपराखाली असल्याने तेथील गर्दी सारखी बदले. वाफेच्या यंत्रावरील पंखे हवा पुढे ढकलीत. कोणत्या दालनास ती किती द्यावयाची, हे मार्गांतील कॅनव्हासच्या झडपांवर अवलंबून असे, आणि त्या उघडण्या-मिटण्यास माणसे नेमलेली असत.