पाटीमागचा पाद्री

नागपुरात हिस्लॉप हे कॉलेजचे नाव आहे. ‘मी हिस्लॉपला होतो’ असे सांगणाऱ्यांच्या कित्येक पिढ्या शहराने पाहिल्या. संघाचे दुसरे सरसंघचालक माधव सदाशिव गोळवलकरही काही काळ याच मिशनरी कॉलेजचे विद्यार्थी होते. पण ज्याच्या नावाची पाटी दारावर आहे तो स्टीफन हिस्लॉप कोण, असे विचारले तर बहुतेकांची गाडी ‘कुणी इंग्रज प्रिन्सिपॉल असेल’ इथे अडते. तो इंग्रज नव्हता, स्कॉटिश होता. प्रिन्सिपॉलही नव्हता, कॉलेज निघाले तेव्हा त्याला जाऊन वीस वर्षे झाली होती. तो पाद्री होता, आणि या भागातले दगड, गोगलगायी, बोली आणि गाणी यांची नोंद त्याच्याइतके मन लावून त्या काळात दुसऱ्या कुणी केली नाही.

जन्म ८ सप्टेंबर १८१७, स्कॉटलंडच्या सीमाभागातल्या डन्स गावी. तो पंचविशीत असताना, १८४३ मध्ये स्कॉटलंडचे चर्च फुटले. धर्मगुरू नेमण्याचा हक्क जमीनदाराचा की मंडळीचा, या वादावरून चारशेहून अधिक धर्मोपदेशक पगार आणि राहती घरे सोडून बाहेर पडले आणि ‘फ्री चर्च’ उभे राहिले. हिस्लॉप या बंडखोरांतला. त्याचा थोरला भाऊ अलेक्झांडर हाही पाद्री. रोमन कॅथलिक पंथावर तुटून पडणारे ‘द टू बॅबिलॉन्स’ हे पुस्तक त्याचे. दोघे एकाच घरचे, पण एकाने वादात आयुष्य घातले आणि दुसऱ्याने हातोडी घेऊन विदर्भ पालथा घातला. आपला कौल धाकट्याच्या बाजूने.

ही हातोडी धर्मकार्यात कशी बसली, हा प्रश्न आज पडतो. त्या काळच्या एडिंबरोत तो पडला नसता. फ्री चर्चची बाजू मांडणारे ‘द विटनेस’ हे वर्तमानपत्र चालवणारा ह्यू मिलर मुळात पाथरवट होता आणि जीवाश्मांचा नामांकित अभ्यासक. पृथ्वी फार जुनी आहे, हे त्याने श्रद्धाळू वाचकांच्या गळी उतरवले होते. दगडात देवाची करणी वाचावी, हे हिस्लॉपच्या मंडळींत पाखंड मानले जात नव्हते.

१८४४ च्या अखेरीस हिस्लॉप पत्नीसह मुंबईला उतरला आणि फेब्रुवारी १८४५ मध्ये नागपुरात पोचला. रेल्वे नागपूरला यायला अजून बावीस वर्षे होती. मद्रास लष्करातल्या कॅप्टन विल्यम हिल नावाच्या अधिकाऱ्याने दिलेल्या देणगीतून हे मिशन निघाले होते. त्याआधी, १८४१ च्या सुमारास, काही जर्मन मिशनरी गोंडांमध्ये काम करायला अमरकंटकजवळच्या करंजियाला गेले होते. त्यांतले बहुतेक थोड्याच काळात आजाराने दगावले. नव्या मिशनने मग नागपूर आणि कामठीची छावणी अशा दोन ठिकाणी पाय रोवले.

गादीवर तेव्हा तिसरे रघूजी भोसले होते. हिस्लॉप मराठी शिकला आणि १८४६ मध्ये त्याने शहरात शाळा काढली. पोरे शाळेत आली, शिकली. बाप्तिस्मा घेणारे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. अठरा वर्षांच्या खटपटीचा हा हिशेब कुठल्याही मिशनच्या अहवालात शोभणारा नाही.

पण हिवाळा लागला की पाद्रीसाहेब दौऱ्यावर निघत. गावोगावी मुक्काम, बाजारात प्रवचन, पुस्तिका वाटप. या दौऱ्यांतच बाकी सगळे घडले. सोबतीला १८४७ मध्ये आलेला रॉबर्ट हंटर होता. पुढे तब्येतीमुळे तो मायदेशी परतला आणि इंग्रजीचा एक प्रचंड कोश करून गेला. दोघांनी १८५१ पासून नागपूरच्या टाकळी भागात आणि सीताबर्डीच्या टेकडीवर खडकांचे थर तपासले. टेकडीचा दगड म्हणजे आपला नेहमीचा काळा पाषाण, थिजलेला लाव्हा. पण लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये, कुठे काही इंच तर कुठे काही फूट जाडीचा, मातकट रंगाचा एक पट्टा जातो. हातोडीने फोडला की त्यातून गोड्या पाण्यातल्या शंखगोगलगायी निघत. फायसा नावाची गोगलगाय तर ढिगाने. तिच्यासोबत माशांचे अवशेष, झाडांची फळे आणि बिया, आणि भुंग्यांचे कडक पंख. या पंखांवर अँड्र्यू मरे या कीटकतज्ज्ञाने १८६० मध्ये स्वतंत्र लेख लिहिला.

या पट्ट्याचा अर्थ मोठा होता. दख्खनचा लाव्हा एका दमात ओतला गेलेला नाही. एक थर थिजला, त्यावर तळी साचली, झाडे उगवली, जीव नांदले, आणि मग पुढचा लाव्हा येऊन त्यांना झाकून गेला. हिस्लॉप आणि हंटर यांचा नागपूर परिसराच्या भूगर्भावरचा निबंध १८५५ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात छापून आला. त्याच वर्षी रिचर्ड ओवेन या विख्यात शरीरशास्त्रज्ञाने नागपूरच्या दक्षिणेला मांगली येथे मिळालेल्या कवटीवरून एका प्राचीन उभयचर प्राण्याचे वर्णन केले आणि त्याला ब्रॅकिऑप्स हे नाव दिले. वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याची नोंदही हिस्लॉपच्या लेखनात येते. पुढे हे गाव डायनोसॉरच्या हाडांसाठी जगभर माहीत झाले. टाकळीला सापडणाऱ्या एका हिरव्या खनिजाला १८५९ मध्ये ‘हिस्लोपाइट’ म्हणू लागले. आयुष्यभर लोकांना बाप्तिस्मा देऊ पाहणाऱ्या माणसाच्या नावाने दगडाचे बारसे व्हावे, हे त्यालाही गमतीचे वाटले असेल.

मधल्या काळात राज्य बदलले. डिसेंबर १८५३ मध्ये रघूजी निपुत्रिक वारले आणि डलहौसीने नागपूर खालसा केले. १८५७ च्या जूनमध्ये टाकळीच्या घोडदळात उठावाची जुळवाजुळव झाली. १३ जूनच्या रात्री शहरातून आकाशात आगीचे फुगे सुटले की उठायचे, असे ठरले होते. एका मुसलमान स्नेह्याने हिस्लॉपला आधी सावध केले, असे त्याचे चरित्रकार सांगतात. त्याने ती खबर अधिकाऱ्यांपर्यंत पोचवली. कट फसला. नवाब कादर अली आणि त्यांच्या साथीदारांना सीताबर्डीच्या किल्ल्यात फाशी दिले गेले. तिथला नऊ गाझी अली बाबांचा दर्गा याच शहिदांचा मानला जातो. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला लोकांना आत सोडतात, तेव्हा या कबरींवर चादर चढते. मिशनच्या इतिहासात ही खबर म्हणजे शेकडो जीव वाचवणारी देवाची योजना. दर्ग्यापाशी उभे राहून तीच गोष्ट ऐकली तर हा पाद्री सरकारपक्षाचाच माणूस ठरतो. दोन्ही खरे आहे.

त्याचे खरे मोठेपण गोंडांविषयीच्या कागदांत दिसते. गोंडी, कोलामी, माडिया, कोरकू, कैकाडी अशा भाषांतले शब्द त्याने शेजारी शेजारी मांडले. एका परधानाच्या तोंडून त्याने लिंगोची कथा उतरवून घेतली. परधान म्हणजे गोंडांचे पिढीजात गायक; वंशावळी आणि देवांची गाणी त्यांच्याकडे. महादेवाने गोंडांना गुहेत कोंडून ठेवले आणि लिंगोने त्यांची सुटका करून त्यांना कुळे लावून दिली, अशी ती कथा. हिस्लॉपने मूळ गोंडी बोल रोमन लिपीत तसेच ठेवले आणि त्यांच्याखाली इंग्रजी अर्थ दिला. ‘रानटी लोकांच्या भाकडकथा’ म्हणून सारांश उरकायचा, हा त्या काळच्या गोऱ्या लेखकांचा रिवाज त्याने पाळला नाही. देव मात्र आपलाच खरा, याविषयी त्याला कधी शंका नव्हती; तरीही दुसऱ्याच्या देवाचे गाणे त्याने अक्षरन् अक्षर जपले. आजही माघ पौर्णिमेला गोंदिया जिल्ह्यातल्या कचारगडच्या गुहेकडे हजारो गोंड येतात, ते याच सुटकेच्या आठवणीने.

१८६१ मध्ये मध्य प्रांत झाला आणि लवकरच रिचर्ड टेम्पल चीफ कमिशनर म्हणून आला. टेम्पलला पाद्र्याची संगत आवडे. सप्टेंबर १८६३ च्या आरंभी दोघे नागपूरच्या दक्षिणेला टाकळघाटकडे गेले. तिथे माळावर मोठमोठ्या धोंड्यांची वर्तुळे आहेत आणि त्यांच्या पोटात काय दडले आहे, हे हिस्लॉपला पाहायचे होते. ४ सप्टेंबरला काम आटोपून टेम्पल बोरीच्या मुक्कामाकडे पुढे निघाला. हिस्लॉप मागे राहिला, कारण गावच्या शाळेतल्या पोरांची परीक्षा घ्यायची होती. पोरांना प्रश्न विचारण्यात दिवस कलला. सकाळी सहज ओलांडलेला नाला मधल्या पावसाने फुगला होता. अंधारात त्याने घोडा पाण्यात घातला. मुक्कामावर पोचला तो फक्त घोडा, पाठीवर स्वार नसलेला. लोक मशाली घेऊन धावले, प्रेत मिळाले. सेहेचाळीसावा वाढदिवस चार दिवसांवर होता.

हिस्लॉपचे कागद अपुरे, विखुरलेले होते. टेम्पलने ते जुळवून १८६६ मध्ये नागपूरला छापले. लिंगोचे गाणे त्यातच आहे; पुढे कॅप्टन फॉरसिथने १८७१ च्या आपल्या पुस्तकात त्याचे इंग्रजी पद्य केले, आणि गोंडांच्या उगमावर लिहिणाऱ्या जवळजवळ प्रत्येक अभ्यासकाला हिस्लॉपच्या कागदांपाशी यावे लागले. मिशनच्या शाळेतून १८८३ मध्ये कॉलेज निघाले आणि त्याला हिस्लॉपचे नाव मिळाले. ते आज ज्या रस्त्यावर आहे, त्याचे नाव टेम्पल रोड.

टाकळघाटच्या वर्तुळांचे कोडे सुटायला आणखी शंभर वर्षे लागली. १९६८ मध्ये नागपूर विद्यापीठाच्या डॉ. शां. भा. देव यांनी टाकळघाट आणि खापा इथे रीतसर उत्खनन केले. ती वर्तुळे म्हणजे अडीच हजार वर्षांहून जुन्या, लोखंड वापरणाऱ्या लोकांच्या कबरी निघाल्या; विदर्भातल्या अशा काही कबरींत माणसासोबत घोडाही पुरलेला आढळतो. ज्यांना अशी वर्तुळे डोळ्यांनी पाहायची आहेत त्यांनी नागपूरहून काटोल रस्त्याने जुनापाणीला जावे. पुरातत्त्व खात्याने संरक्षित केलेली शेकडो वर्तुळे तिथल्या माळावर आहेत.