मद्रासची हौशी नभोवाणी

नभोवाणी म्हटली की सरकारी इमारत, उंच मनोरे आणि नेमलेल्या वेळी बोलू लागणारा निवेदक असे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु या देशात नियमित ध्वनिक्षेपणाची वाट प्रथम मळविली ती हौशी मंडळींनी, आणि तीही स्वतःच्या वर्गणीतून. 1923 साली मुंबईच्या रेडिओ क्लबाने कार्यक्रम ऐकविले. त्याच वर्षी कलकत्त्याचा क्लबही पुढे सरसावला. मद्रासचा क्लब या दोहोंच्या मागून आला. तरीही त्याची कथा अधिक बोधप्रद आहे, कारण तो क्लब निमाला तरी त्याचे कार्य निमाले नाही.

16 मे 1924 रोजी मद्रास प्रेसिडेन्सी रेडिओ क्लब स्थापन झाला. सी. व्ही. कृष्णस्वामी चेट्टी हे त्याचे प्रवर्तक. 31 जुलै रोजी क्लबाचे पहिले ध्वनिक्षेपण झाले. प्रक्षेपक होता अवघा 40 वॅटचा. म्हणजे घरातील एका दिव्याला लागावी तेवढीच त्याची शक्ती! पुढे 200 वॅटचा प्रक्षेपक आला. संगीत आणि भाषणे हा कार्यक्रमांचा मुख्य भाग. त्या काळी अनेकांचे ग्राहकयंत्र म्हणजे एक स्फटिक, त्याला टेकविलेली बारीक तार, छपरावरून ताणलेली दुसरी तार आणि कानाला लावावयाचे श्रवणयंत्र. त्याला ना वीज लागे, ना बॅटरी. तार योग्य जागी टेकली की दूरचे गाणे कानाशी येई. त्या क्षणाचे नवल आज सांगूनही पटावयाचे नाही.

नवलावर संस्था उभी राहते. चालते मात्र पैशावर. नाटकगृहाला दार असते, दारावर तिकीट घेता येते. आकाशातून जाणाऱ्या ध्वनीला दार कोठले? वर्गणी देणारा सभासद जे ऐके, तेच न देणारा शेजारीही ऐके. खर्चाची तोंडमिळवणी होईना आणि ऑक्टोबर 1927 मध्ये क्लबाला आपले ध्वनिक्षेपण थांबवावे लागले.

याला हौशी लोकांची अव्यवहारी वृत्ती म्हणून बोट दाखविणे सोपे आहे. पण त्याच वर्षी, 23 जुलै रोजी, मुंबईत लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. तिच्या पाठीशी भांडवल होते, दीड किलोवॅटचे प्रक्षेपक होते, आणि प्रत्येक परवान्याच्या दहा रुपयांतून आठ रुपयांचा वाटाही होता. एवढे असूनही 1 मार्च 1930 रोजी ती कंपनी दिवाळखोरीत निघाली. जे भांडवलवाल्यांना साधले नाही, ते मूठभर सभासदांनी तीन वर्षे चालविले होते, हे विसरता कामा नये.

क्लबाचे खरे मोठेपण त्याच्या अखेरीत आहे. क्लबाने आपला प्रक्षेपक मद्रास महापालिकेच्या स्वाधीन केला. 1 एप्रिल 1930 रोजी महापालिकेने रिपन बिल्डिंगमधून नियमित कार्यक्रम सुरू केले. नेमक्या त्याच दिवशी मुंबई व कलकत्ता येथील केंद्रे सरकारने आपल्याकडे घेतली. मद्रासमध्ये मात्र हा भार एका नगरसंस्थेने उचलला. मरीनाच्या वाळूवर आणि उद्यानांत कर्णे बसविण्यात आले. शाळकरी मुलांसाठी संगीताचे पाठ आणि गोष्टी होऊ लागल्या. ज्याच्या घरी ग्राहकयंत्र नाही, तोही संध्याकाळी वाळूवर बसून गाणे ऐकू लागला. रस्त्यावरचा दिवा आणि सार्वजनिक नळ यांच्या पंक्तीला नभोवाणी येऊन बसली. क्लबाला जो प्रश्न सुटला नव्हता, त्याचे हे उत्तर होते : ज्याला कुंपण घालता येत नाही, ते सर्वांचे समजून सर्वांच्या खर्चाने चालवावे.

16 जून 1938 रोजी ऑल इंडिया रेडिओचे मद्रास केंद्र सुरू झाले आणि महापालिकेची सेवा संपली. म्हैसूरलाही असेच घडले. तेथे प्रा. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी 1935 साली हौसेने चालू केलेले केंद्र 1942 साली संस्थानाकडे गेले; पण त्या केंद्राचे 'आकाशवाणी' हे नाव पुढे साऱ्या देशाच्या नभोवाणीने धारण केले.

प्रत्येक नव्या तंत्राबरोबर हा प्रश्न पुन्हा उभा राहतो. 23 जुलै 1977 रोजी भारतातील पहिले एफ.एम. प्रक्षेपण मद्रासहून झाले. दूरचित्रवाणीच्या केबल सेवेला डिजिटल पद्धती स्वीकारण्यासाठी मुंबई, दिल्ली व कोलकाता यांच्याबरोबर चेन्नईलाही 31 ऑक्टोबर 2012 ही मुदत घातली गेली. चेन्नईत मात्र प्रकरण न्यायालयात गेले आणि जुनी पद्धती मुदतीनंतरही चालू राहिली. नव्या पद्धतीत चित्र स्वच्छ दिसते आणि तेवढ्याच जागेत अधिक वाहिन्या मावतात, यात वाद नाही. परंतु गल्लीबोळांत तारा ओढून सेवा देणाऱ्या लहान चालकाने नवी यंत्रे कोणत्या बळावर घ्यावी, आणि जुना संच असलेल्या घराने नवी पेटी कोठून आणावी? मुदत ठरविणाऱ्याने हा हिशेब आधी मांडावयास हवा. 1930 साली मद्रासच्या नगरपित्यांनी तो आपल्या परीने मांडला होता, म्हणूनच वाळूवर कर्णे लागले.

हौसही निमालेली नाही. 1 फेब्रुवारी 2004 रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात देशातील पहिले परिसर नभोवाणी केंद्र सुरू झाले. अशी सामुदायिक केंद्रे आज सामान्यतः 50 वॅटच्या प्रक्षेपकावर चालतात. क्लबाचा पहिला प्रक्षेपक 40 वॅटचा होता. शंभर वर्षांत यंत्रे पार बदलली. आपल्या गावाचा आवाज आपल्या गावाला ऐकविण्यास पुरणारी शक्ती मात्र जवळजवळ तेवढीच राहिली आहे.