वेरूळची छिन्नी आणि ओतशाळेची मूस

आपल्याकडे पुतळ्याचा इतिहास बहुधा अनावरणाच्या दिवसापासून सुरू होतो. पडदा कोणी दूर केला, चौथरा किती उंच, खर्च किती आला, एवढे नोंदले की नोंद संपते. हातभर मातीच्या नमुन्याचा वीस फुटी कांस्यपुतळा कसा होतो आणि कोणाच्या हातून होतो, हे आपण सहसा विचारत नाही. राम सुतार यांच्या कामाच्या निमित्ताने ते विचारून पाहावे असे आम्हांला वाटते.

धुळे जिल्ह्यातील गोंदूर गावी 1925 मध्ये सुतारकाम करणाऱ्या घरात जन्मलेले राम वनजी सुतार जे. जे. कलाशाळेतून बाहेर पडल्यावर 1954 ते 1958 या काळात पुरातत्त्व खात्याच्या नोकरीत औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात होते. अजिंठा-वेरूळच्या भग्न शिल्पांची डागडुजी हे त्यांचे काम. वेरूळचे कैलास लेणे आठव्या शतकात कड्याच्या माथ्यापासून खाली कोरत आणलेले आहे. तेथे मूर्ती वाढवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. नको तेवढा पाषाण काढून टाकायचा, आणि चुकलेला घाव परत घेता येत नाही. पुढे चंबळेवरील गांधीसागर धरणापाशी सुतारांनी 45 फुटी चंबळदेवी उभारली, तीही काँक्रीटमधून छिन्नीने कोरून. वेरूळचा पाठच तेथे गिरवलेला दिसतो.

धातूचा मार्ग याच्या उलट, लहानाकडून मोठ्याकडे जाणारा आहे. आधी छोटा नमुना, मग त्यावरून मापे घेत लोखंडी सांगाड्यावर पूर्ण आकाराचे मातीकाम. केवळ मापे गुणून भागत नाही. उंच चौथऱ्यावरचा चेहरा खालून पाहताना आखूड दिसतो, म्हणून मस्तकाचे प्रमाण शिल्पकाराला नजरेने सुधारावे लागते. भरीव पुतळ्याची उंची दुप्पट केली तर वजन आठपट होते. म्हणून मोठा पुतळा पोकळच हवा. मातीकामावरून तुकड्यातुकड्यांचा साचा घेतात, साच्याला आतून काही मिलिमीटर मेणाचा थर देतात, पोकळीत गाभा भरतात, धातू आत जाण्याच्या व हवा बाहेर पडण्याच्या वाटा ठेवतात आणि बाहेरून जाड लेप चढवून भट्टीत भाजतात. मेण वितळून निघून जाते. रिकाम्या जागेत सुमारे 1100 ते 1200 अंश सेल्सिअसचा रस मुशीतून ओततात. 85 टक्के तांबे आणि उरलेल्यात कथील, जस्त व शिसे समप्रमाणात, हे मिश्रण प्रचलित आहे. थंड होताना धातू शेकडा दीडेक आकसतो, त्याचा हिशेब मातीकामातच धरलेला असतो. मग तुकडे जोडणे, सांधे घासणे, रासायनिक रंग चढवणे.

ही विद्या परकी नव्हे. मेणाच्या वजनावरून लागणाऱ्या धातूचे वजन काढण्याचे गणित बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात आले आहे. ते कल्याणी आजच्या मराठवाड्याच्या सीमेला लागूनच आहे.

सुतारांनी दिल्लीजवळ साहिबाबादला स्वतःची ओतशाळा उभी केली. मातीपासून धातूपर्यंतची जबाबदारी एकाच छताखाली राहावी, याचे महत्त्व सरदार पटेलांच्या पुतळ्याने दाखवून दिले. 182 मीटर उंचीच्या त्या पुतळ्यासाठी (2018) सुतारांनी केलेल्या 30 फुटी प्रतिकृतीचे संगणकाने मापन झाले आणि कांस्यपत्रे चीनमधील ओतशाळेत ओतली गेली. प्रमाण जवळजवळ वीसपट. प्रतिकृतीतील एक मिलिमीटरची चूक तेथे दोन सेंटिमीटरची होते. येथे शिल्पकाराचा हात कोठे थांबला आणि यंत्राचा कोठे सुरू झाला, हे ठरवणे आम्हांला अवघड वाटते.

या मधल्या टप्प्यांकडे दुर्लक्ष झाले तर काय होते, ते मालवणच्या राजकोट किल्ल्यावर दिसले. 4 डिसेंबर 2023 रोजी अनावरण झालेला शिवरायांचा 35 फुटी पुतळा 26 ऑगस्ट 2024 रोजी कोसळला. चौकशीत गंज आणि सदोष रचनेकडे बोट दाखवले गेले. पाहणाऱ्याला चेहरा दिसतो; पुतळा उभा राहतो तो न दिसणाऱ्या सांगाड्यावर आणि सांध्यांवर. त्या जागी नवा पुतळा उभारण्याचे काम सुतारांच्याच संस्थेकडे आले.

2025 च्या डिसेंबरात, वयाची शंभरी गाठून, सुतार गेले. त्यांचे नाव राहील, ते योग्यच आहे. पण मेण लावणारे, मूस उचलणारे, सांधा घासून नाहीसा करणारे ओतकामगार वेरूळच्या पाथरवटांइतकेच अनामिक राहिले आहेत. पाथरवटांची नावे आज शोधून सापडणार नाहीत. ओतशाळेतली मात्र हजेरीपटावर असतात. चौथऱ्यावरच्या कोनशिलेत मान्यवरांच्या यादीखाली त्यांच्यासाठी दोन ओळी निघू नयेत, इतकी जागा काही तेथे अपुरी नसते.