संकरित गाईंतील थायलेरिओसिस : गोचीड तापाची साथ वेळीच ओळखा

उन्हाळ्याच्या अखेरीपासून पावसाळा संपेपर्यंत गोठ्यात गोचीड वाढतात आणि त्यांच्यासोबत रक्तातील परजीवींचे आजारही येतात. त्यातील थायलेरिओसिस हा होल्स्टीन फ्रिजियन व जर्सी संकरित गाई आणि वासरांसाठी सर्वांत घातक आजार आहे. देशी जनावरांत त्याची तीव्रता सहसा कमी असते.

प्रसार
थायलेरिया अॅन्युलाटा हा परजीवी हायलोमा जातीच्या गोचिडांमार्फत पसरतो. बाधित जनावराचे रक्त पिऊन लहान अवस्थेतील गोचीड खाली पडते, भिंतीच्या भेगेत कात टाकते आणि पुढच्या अवस्थेत दुसऱ्या जनावराला चावून परजीवी सोडते. म्हणून फक्त गाईच्या अंगावर औषध फवारून साथ थांबत नाही. बऱ्या झालेल्या गाईही दीर्घकाळ वाहक राहू शकतात.

लक्षणे
- १०४ ते १०६ अंश फॅरनहाइट ताप
- खांद्यापुढील लसिका ग्रंथींना सूज
- चारा कमी खाणे, रवंथ मंदावणे, दूध अचानक घटणे
- नाका-डोळ्यांतून स्राव, धाप लागणे
- पुढे डोळ्यांची आतील त्वचा पांढरी किंवा पिवळी पडणे

कॉफीसारखी लाल-तपकिरी लघवी दिसल्यास बबेसिओसिसची शंका घ्यावी. दोन्ही आजारांची औषधे वेगळी आहेत.

इथे चूक होते
ताप आला की अनेक ठिकाणी आधी तापाचे आणि प्रतिजैविकाचे इंजेक्शन दिले जाते. ताप एक-दोन दिवस उतरतो, गाय थोडी खाते आणि आपण निर्धास्त होतो. परजीवी मात्र वाढतच राहतो. रक्त कमी झाल्यावर उपचार सुरू केले तर गाय वाचवणे अवघड होते. तापमापक गोठ्यातच ठेवा. १०३ अंशांच्या वर ताप आणि ग्रंथींना सूज असेल, तर त्याच दिवशी पशुवैद्यकांना बोलवा किंवा १९६२ या टोल फ्री क्रमांकावर संपर्क साधा.

निदान व उपचार
पशुवैद्यकांकडून काचपट्टीवर रक्ताचा नमुना घेऊन तपासून घ्यावा. सुरुवातीला रक्तात परजीवी दिसत नसल्यास ग्रंथीतील द्रव तपासता येतो. बुपारव्हाक्वोन हे यावरील प्रमुख औषध असून त्याची मात्रा प्रति किलो वजनास २.५ मिलिग्रॅम आहे. ते पशुवैद्यकांनीच द्यावे. रक्तक्षय तीव्र असल्यास रक्त चढवावे लागते. उपचारानंतर दूध किती दिवस वापरू नये, हे विचारून घ्या.

साथ रोखण्यासाठी
- भिंती, गव्हाणी व खांबांच्या भेगा सिमेंटने बुजवा. चारा व जनावरे बाहेर काढून फ्लेमगनने भिंती भाजून घ्या.
- शिफारशीत गोचीडनाशक गोठ्यात आणि सर्व जनावरांवर एकाच दिवशी वापरा. अंडी टिकून राहतात, त्यामुळे पशुवैद्यकांच्या सल्ल्याने पुन्हा फवारणी करा.
- काढलेले गोचीड गोठ्यात टाकू नका, रॉकेलमध्ये बुडवून मारा.
- नवीन गाय तीन आठवडे वेगळी बांधा व रोज ताप मोजा.
- प्रत्येक जनावरासाठी स्वतंत्र सुई वापरा. वापरलेल्या सुईतून अॅनाप्लाज्मासारखे आजार पसरतात.
- दोन महिन्यांवरील संकरित वासरांना थायलेरिया लस देण्याबाबत पशुवैद्यकांशी बोला. गाभण गाईंना ही लस देत नाहीत.

एका गाईला थायलेरिओसिस झाला म्हणजे त्याच गोठ्यात बाधित गोचीड असण्याची शक्यता मोठी आहे. त्या दिवसापासून उरलेल्या जनावरांचाही ताप सकाळ-संध्याकाळ मोजा.