कालव्याचे दार आणि खिशातील यंत्र

एखाद्या साधनाचा इतिहास लिहिताना ते कोणी शोधले एवढे सांगून भागत नाही. ते बिघडल्यावर उघडून पाहण्याचा अधिकार कोणाकडे राहिला, हेही सांगावे लागते. बारामती-इंदापूरकडील वाचकांस याचे मर्म समजावून सांगण्याची गरज नाही. भाटघरच्या पाण्यावर चालणारा नीरा डावा कालवा या दोन तालुक्यांतून गेला आणि ज्वारी-बाजरीच्या कोरड्या मुलखात ऊस उभा राहिला. परंतु कालवा दारातून गेला म्हणजे पाणी शेतात आले असे नव्हे. पाळी कोण ठरवितो, दार कोण उघडतो, आणि इंदापूरकडच्या टेलच्या शेतकऱ्यास त्याचा हिशेब पाहता येतो की नाही, यावर पिकाचे भवितव्य ठरते.

आज त्याच शेतकऱ्याच्या खिशात दुसरे एक दार आहे. सातबारा, बँकेचे व्यवहार, बाजारभाव, मुलाच्या शाळेचा निरोप, हे सर्व फोनमधून ये-जा करते. मग या दाराची किल्ली कोणापाशी आहे, हा प्रश्न केवळ यंत्रज्ञांचा राहत नाही. जगातील काही मंडळींनी गेली कित्येक वर्षे तो चिकाटीने विचारला आहे. त्या प्रयत्नांचा धावता इतिहास येथे देण्याचे आम्ही योजिले आहे.

या कथेचा उगम 1983 सालचा. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू या प्रकल्पाची घोषणा केली. संगणकाची आज्ञावली वापरण्याची, वाचण्याची, सुधारण्याची व वाटण्याची मोकळीक प्रत्येकास असावी, हे त्यांचे तत्त्व. 1989 मध्ये त्यास परवान्याचे रूप आले: जो सुधारलेली आज्ञावली दुसऱ्यास देईल त्याने तिचा मूळ मजकूरही द्यावा. 1991 मध्ये हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स हा संगणकाचा गाभा रचला आणि पुढील वर्षी तो याच परवान्याखाली आणला.

आमच्या देशातही या विचाराचा अंकुर लवकर फुटला. बेंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील प्राध्यापकांनी व एन्कोर या कंपनीच्या तंत्रज्ञांनी 2001 मध्ये सिम्प्युटर नावाचे, हातात मावणारे, लिनक्सवर चालणारे यंत्र लोकांपुढे ठेवले. एक यंत्र साऱ्या गावाने वापरावे, प्रत्येकाने आपले कार्ड घालून आपले काम करावे, आणि निरक्षरास यंत्राने त्याच्या भाषेत वाचून दाखवावे, अशी ती कल्पना होती. ते फोन नव्हते, आणि 2004 मध्ये बाजारात आल्यावर फारसे खपलेही नाही. स्वस्त मोबाइलच्या लोंढ्यापुढे त्याचा निभाव लागला नाही. तथापि गरिबाचे यंत्र खुल्या पायावर उभारावे ही दृष्टी आमच्या मते काळाच्या पुढची होती.

फोनच्या प्रांतात पहिले धाडस ओपनमोको या प्रकल्पाने केले. त्यांचा निओ 1973 हा फोन 2007 मध्ये व फ्रीरनर 2008 मध्ये निघाला. 2009 मध्ये नोकियाने लिनक्सवर चालणारा एन 900 काढला. परंतु 2011 मध्ये त्या कंपनीने मायक्रोसॉफ्टची वाट धरली. तेथून बाहेर पडलेल्या काहींनी योला ही कंपनी काढून सेलफिश रचली, आणि 2016 मध्ये इंटेक्सचा ॲक्वा फिश हा फोन तीच प्रणाली घेऊन भारतात विकावयास आला. तोही फार टिकला नाही.

येथे चतुर वाचक विचारील की, 2008 पासून घरोघरी आलेल्या अँड्रॉइडचा गाभाही लिनक्सच ना? होय, आणि खरी गंमत येथेच आहे. गाभा खुला, पण कॅमेरा, रेडिओ, पडदा चालविणारे तुकडे बहुधा बंद. ते गाभ्याच्या एका ठरावीक आवृत्तीशी जखडलेले असतात. कंपनीने सुधारणा पाठविणे थांबविले की धडधाकट यंत्रही धोक्याचे होते. कालवा वाहतो, पण दार गंजलेले, अशी ही अवस्था.

त्यावर उपाय म्हणून 2017 मध्ये पोस्टमार्केटओएस हा प्रकल्प सुरू झाला. फोनला दहा वर्षांचे आयुष्य मिळावे हे त्याचे ध्येय. स्वयंसेवक एकेक जुना फोन घेऊन त्याचे भाग मूळ लिनक्सला ओळखावयास शिकवितात. 2020 पासून मिळू लागलेल्या पाइनफोनमध्ये मागचे झाकण काढून मायक्रोफोन, कॅमेरा वा मोडेम बटणाने तोडता येतो.

मराठी माणसाचा यात संबंध काय? अक्षराचा. 'ॲप' या शब्दाचे पहिले अक्षर घ्या. 'ॲ'ला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते 2008 मध्ये, 5.1 या आवृत्तीत. स्थान मिळाले तरी टंकात ते काढावे लागते, कळफलकावर बसवावे लागते. बंद फोनात त्यासाठी परक्या कंपनीच्या मर्जीची वाट पाहावी लागते. खुल्या प्रणालीत जाणता माणूस स्वतः दुरुस्ती करून सर्वांस देऊ शकतो. लोहित या खुल्या टंकांची निगा रेड हॅटच्या पुण्यातील मंडळींनी राखली, हे त्याचे आपल्या दारचे उदाहरण.

या फोनांचे दोष झाकण्यात अर्थ नाही. त्यांची बॅटरी लवकर उतरते, कॅमेरा यथातथाच असतो, आणि बँकांची ॲपे त्यांवर पुष्कळदा चालत नाहीत. ज्याचे सारे देणेघेणे यूपीआयवर चालते त्या शेतकऱ्यास आजच हा फोन घ्या असे सांगणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पण बँकेचे दार एकदोन कंपन्यांच्याच फोनांस उघडते, हा दोष त्या फोनांचा की आमच्या व्यवस्थेचा, याचा विचार सुशिक्षितांनी अवश्य करावा.

बारामतीत आणि इंदापुरात आज अभियांत्रिकीची महाविद्यालये आहेत, आणि टाकून दिलेल्या फोनांचा तर तोटाच नाही. चार विद्यार्थ्यांनी एक फोन घ्यावा, वर्षभर खपून तो खुल्या प्रणालीवर चालता करावा आणि केलेले काम जगापुढे मांडावे. यास मोठे भांडवल लागत नाही. सहकाराने साखर कारखाने उभे करणाऱ्या या मुलखास, अनेकांनी मिळून एक यंत्र आपल्या ताब्यात ठेवणे ही कल्पना तरी परकी वाटू नये.