हिशेब

वाण्याच्या वहीत बसणारा हा शब्द आपल्याकडे आला अरबीतून, फारसीच्या मार्गाने. मूळ रूप ‘हिसाब’, धातू ह-स-ब : मोजणे. याच धातूतून मानणे, समजणे असाही अर्थ निघतो. आपण ‘माझ्या हिशेबी’ म्हणतो तेव्हा तोच वापरतो.

कुराणात निवाड्याच्या दिवसाचे एक नाव ‘हिसाबचा दिवस’ असेच आहे. सतराव्या सूरेत तर माणसाच्या हाती त्याचीच नोंदवही दिली जाते आणि ती त्यानेच वाचायची असते. बायबलच्या शेवटच्या पुस्तकातही न्यायाच्या वेळी ग्रंथ उघडले जातात.

मग त्या दिवसापर्यंत थांबायचे कशाला? बसऱ्यात जन्मलेला, बगदादमध्ये रमलेला नवव्या शतकातला सूफी हारिस स्वतःच्या मनाची झडती घेण्यावर इतका भर देई, की ‘मुहासिबी’ (स्वतःचा हिशेब घेणारा) हेच त्याचे नाव पडले. सोळाव्या शतकात कॅथलिक धर्मगुरू इग्नेशियस लोयोलाने याहून व्यापारी थाट आणला : ठरावीक दोष निवडायचा, दिवसातून दोनदा मन तपासायचे, जितक्यांदा घसरलो तितके ठिपके रेघेवर मांडायचे, कालच्या रेघेशी आजची ताडायची. (रोजमेळच म्हणा की!)

पुढे वाटा फुटतात. कॅथलिक माणूस ही यादी घेऊन धर्मगुरूपुढे कबुलीला बसतो. इस्लाममध्ये असा मध्यस्थ नाही, कबुली थेट अल्लाहपाशी.

मराठीत मात्र ‘बेहिशेबी’ म्हटले की फक्त मालमत्ताच आठवते. शब्दाचा अर्धा अर्थ आपण वाटेतच सांडला.